बाळंतिणीची खोली

‘‘कोण आहे ती?’’

आईनं हा प्रश्न विचारला तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि ठाण्यात रात्रीचे अकरा. मी फक्त एवढंच विचारलं होतं की, दिवस भरलेत, पोट दिसतंय, खाणं बंद आहे, रात्रभर नुसत्या येरझाऱ्या चालू आहेत, पण पुढे काहीच होत नाहीये. अशा वेळी साधारण किती दिवस वाट बघायची असते? तुमच्या वेळी काय करायचे?

वय वर्षं सत्तावीस, अविवाहित, परदेशात एकटा राहणारा मुलगा. त्यानं रात्री अकरा वाजता आईला फोन करून असले प्रश्न विचारावेत? लाइनवर जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. मागे बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केल्याचंही मला ऐकू आलं.

‘‘आई, तसं काही नाहीये. साप आहे.’’

‘‘असं बोलू नये रे कुणाबद्दल,’’ आई म्हणाली.

तर मंडळी, ही गोष्ट त्या ‘ती’ची.

२०१६च्या जानेवारीत कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी रेडिंगला धाडलं. लंडनपासून ट्रेननं अर्ध्या तासावरचं गाव, आपल्या आयटीवाल्यांची तिथे बऱ्यापैकी वस्ती. भत्त्यात परवडेल अशी खोली शोधताना एक जाहिरात दिसली. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, किचन वापरायला मिळेल, घरात एक पाळीव प्राणी, शांत, केस गळत नाहीत. मला वाटलं मासा असेल. किंवा कासव. डिपॉझिट भरून, बॅगा टाकून, चहाचा कप हातात घेऊन हॉलमध्ये बसलो तेव्हा समोरच्या कपाटाच्या काचेमागून चार फुटांचं केशरी रंगाचं काहीतरी माझ्याकडे बघत होतं.

घरमालकीणबाई शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. पस्तिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, कमालीच्या शांत. ‘‘ही पॉपकॉर्न,’’ त्यांनी ओळख करून दिली. जात कॉर्न स्नेक, म्हणून नाव पॉपकॉर्न. मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. विषारी नाही, भक्ष्याला विळखा घालून मारते आणि माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे सापडायची म्हणून ते नाव पडलं असं काही जण म्हणतात, तर पोटावरची काळी-पांढरी नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, असं बाकीचे. ब्रिटनमध्ये ती पाळायला परवाना लागत नाही. गंमत म्हणजे, जिथली ती मूळची रहिवासी, त्या जॉर्जिया राज्यात मात्र हाच साप घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे.

मी तिचं नाव मकूबाई ठेवलं. मराठीत नाव ठेवलं की भीती जरा कमी होते, हा माझा अनुभव आहे. बॉसवरही करून बघा.

पहिले दोन आठवडे मी किचनमध्ये जायला हॉलला वळसा घालायचो. तिसऱ्या आठवड्यात फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी नीट लेबल लावलेलं गोठवलेल्या उंदरांचं पाकीट दिसलं आणि मी एक महिना मटार खाल्ला नाही. पण माणूस कशालाही सरावतो. मार्च उजाडेपर्यंत मी ऑफिसातून आल्यावर काचेसमोर उभा राहून मकूबाईंना दिवसभराचा वृत्तान्त सांगायला लागलो होतो. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, हवेतले बरेचसे आवाज त्याच्यापर्यंत पोचतही नाहीत. क्लायंट कॉलनंतर असं कुणीतरी समोर असणं ही चैन आहे.

मार्चच्या अखेरीला बाईंच्या एका मित्राचा नर साप चार दिवस पाहुणा म्हणून येऊन गेला. मी त्या चार दिवसांत हॉलमध्ये गेलो नाही. एप्रिलच्या शेवटी मकूबाईंचं अंग मागच्या तिसऱ्या भागात फुगलेलं दिसायला लागलं, मोजे भरून ठेवलेल्या मोज्यासारखं. आणि ७ मेला त्यांनी कात टाकली.

ही कात महत्त्वाची. अंडी घालण्याआधी कॉर्न स्नेकची मादी एकदा कात टाकते आणि त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत अंडी येतात. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर तारीख देतात ना, तशी ही तारीख. बाईंनी कॅलेंडरवर १४ मेपासून २१ मेपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाल्या, या वीकएंडला आपण तिची खोली तयार करू.

वीकएंड आलाच नाही. ९ तारखेच्या रात्री त्यांचे वडील घरी जिन्यावरून पडले. माकडहाड, ऑपरेशन, आणि गाव पार उत्तरेला. १० मेच्या सकाळी बाई बॅग घेऊन दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले. ‘‘तुला जमेल का?’’ त्यांनी विचारलं. नर साप देऊन गेलेला मित्र महिनाभरासाठी परदेशात होता. शेजारच्या आजी साप म्हटलं की खुर्चीवर चढणाऱ्या. उरलो मी. हो म्हणायच्या आधी मी अर्धा सेकंद थांबलो असेन. त्या थांबण्याची मला अजून लाज वाटते.

रात्री नेटवर बसलो तर कळलं की ब्रिटनच्या २००६च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार, प्राण्याची जबाबदारी ज्यानं घेतली तो, मग ती तात्पुरती का असेना, त्याच्या योग्य देखभालीला बांधील असतो. म्हणजे मी आता नुसता भाडेकरू नव्हतो, कायदेशीर सुईण होतो.

आता खोलीबद्दल. मकूबाईंचं घर म्हणजे लाकडी पेटी, चार फूट लांब, दोन फूट खोल, पुढे सरकत्या काचा. एका टोकाला खाली हीटर मॅट, तिला थर्मोस्टॅट. साप स्वतःचं अंग स्वतः तापवू शकत नाही, म्हणून पेटीचं एक टोक २८-३० अंश आणि दुसरं २२-२४ ठेवायचं. मॅडमना गरम वाटलं की इकडे, गार वाटलं की तिकडे. ही सोय आमच्या ऑफिसात एसीच्या बाबतीत झाली तर निम्मी भांडणं मिटतील.

या पेटीच्या आत अंड्यांसाठी आणखी एक डबा लागतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सापाला आत पूर्ण वेटोळं घालून वर अंड्यांनाही जागा उरेल एवढा. झाकणाला साधारण दोन इंचांचं भोक. आत ओलसर शेवाळ, म्हणजे बागकामाच्या दुकानात मिळतं ते स्फॅग्नम मॉस. जंगलात असती तर तिनं कुजलेला ओंडका, पाचोळ्याचा ढीग, कुणाचं तरी सोडलेलं बीळ असं काहीतरी शोधलं असतं. तिला दमट, काळोखी आणि अंग चोरून बसता येईल अशी जागा लागते. कारण या अंड्यांना कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नसतं. चामड्यासारखं मऊ असतं, त्यातून पाणी आतबाहेर जातं. हवा कोरडी असली की अंडी आक्रसतात, चिंबून गेली की बुरशी धरते.

आणि पाण्याचं भांडं. हे मला बाईंनी ट्रेनमधून फोन करून सांगितलं, दोनदा. मकूबाईंना अख्खं अंग बुडवता येईल असं मोठं भांडं होतं, ते काढून छोटी वाटी ठेव. मनासारखी जागा नाही मिळाली तर कधीकधी मादी पाण्याच्या भांड्यातच अंडी घालते, कारण पेटीत तेवढीच ओली जागा तिला सापडते. आणि पाण्यात पडलेली अंडी गुदमरतात.

मी शनिवारी सकाळी दुकानात जाऊन सर्वांत महागडा डबा आणला. स्वच्छ, पारदर्शक, बघणाऱ्याला आतलं सगळं दिसेल असा. भोक पाडायला स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवला, किचनमध्ये जळक्या प्लास्टिकचा असा धूर केला की स्मोक अलार्म वाजून शेजारच्या आजी बाहेर आल्या. भोकाच्या कडा पॉलिशपेपरनं तासभर घासल्या, कारण फुगलेल्या पोटावर ओरखडा नको. मॉस भिजवलं, पिळलं, पुन्हा भिजवलं. मुठीत घट्ट दाबल्यावर पाणी टपकता कामा नये पण हात ओला झाला पाहिजे, इतपत. बाळंतिणीला ऊब हवी म्हणून डबा बरोबर हीटरवर ठेवला. लांबून बघितलं. फोटो काढून बाईंना पाठवला. एखादं प्रेझेंटेशन जमून आल्यावर वाटतं ना, तसं वाटलं.

मकूबाईंनी संध्याकाळी भोकातून डोकं घातलं, जीभ दोनदा लपलपवली आणि निघून गेल्या.

१५ तारखेला तेच. १६ला तेच. रात्री दिवा बंद केला की काचेवर नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. मला माझ्या खोलीत ते घासणं ऐकू यायचं. जागा शोधणाऱ्या मादीचं असंच असतं हे मला माहीत होतं. पण जागा तर मी करून दिली होती! पूर्ण फर्निश्ड! १७ला ऑफिसात रिलीज होता आणि मी मीटिंगमध्ये फोनवर वाचत बसलो होतो की सापांची अंडी अडतात तेव्हा काय होतं. योग्य जागा मिळाली नाही, ताण आला, तर काही माद्या अंडी धरून ठेवतात. मग ती आत अडकून बसतात. मग ऑपरेशन. कधी मरण.

तिकडे बाईंच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, पण शुद्धीवर आल्यावर ते कुणाला ओळखत नव्हते. दोन दिवसांनी ओळखायला लागले, पण ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. रोज रात्री नऊला त्यांचा फोन यायचा. ‘‘घातली का?’’ ‘‘नाही अजून.’’ ‘‘ठीक आहे.’’ मग आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. त्यांच्या आवाजावरून मला कळत होतं की सगळं बिघडत असताना निदान ही एक गोष्ट तरी नीट पार पडावी, असं त्यांना वाटतंय. आणि ती गोष्ट माझ्या हातात होती.

मी मग जे आपल्या पिढीला येतं ते केलं. मॉनिटरिंग वाढवलं. सकाळी झाकण उघडून बघायचं, ऑफिसातून आल्यावर बघायचं, जेवताना, झोपताना, रात्री पाण्याला उठलो की मोबाइलच्या टॉर्चनं. १९ तारखेला तर चक्क एक्सेल शीट केली.

२०ला, शुक्रवारी, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. असे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात, हे तीस मैलांवर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ती हिंडतेय ना? जीभ काढतेय? जोर लावून काहीच बाहेर येत नाही असं दिसलंय? शेपटीच्या वर सूज? मी म्हटलं, हिंडतेय, बाकी काही नाही. मग तेरावा दिवस म्हणजे घाबरण्यासारखं नाही, ते म्हणाले. मलूल पडली, किंवा काही अंडी घालून मध्येच थांबली, तर मात्र दिवस-दोन दिवसांच्या वर घालवायचे नाहीत, थेट घेऊन यायचं. ‘‘डब्याच्या आत तापमान किती आहे?’’

पेटीचं मला तोंडपाठ होतं. डब्याच्या आतलं मोजायचं मला सुचलंच नव्हतं. मोजलं. ३३. वरचं मॉस ओलं होतं, मी रोज फवारा मारत होतो ना. बोट खाली घातलं तर तळाचं पापडासारखं वाळलेलं. मी तिला बाळंतिणीची खोली म्हणून तापलेला तवा दिला होता.

डबा मध्यभागी सरकवला, मॉस पुन्हा ओलं केलं, आणि तरी धीर सुटला म्हणून आईला फोन लावला. तो संवाद वर आलाच आहे.

साप म्हणजे खरोखरच साप हे पटायला आईला पाच मिनिटं लागली. त्यानंतर, ‘‘नागपंचमीला मी विळी हातात धरत नाही, आणि तू तिकडे सापाची बाळंतपणं करतोस!’’ हे झालं. ‘‘त्या बाईंना दुसरं काही पाळता आलं नाही का?’’ हेही झालं. मग ती एकदम म्हणाली, ‘‘डबा कसा आहे?’’

मी वर्णन केलं. पारदर्शक म्हटल्यावर तिनं मला थांबवलं.

‘‘अरे, काचेच्या खोलीत कोण बाळंत होईल?’’

माझ्या आजोळी, संगमेश्वरच्या बाजूला, आजीच्या कोंबड्या असायच्या. मला त्या पुसटशा आठवतात. आईनं सांगितलं की आजीनं नवीन टोपली आणून, कोंडा घालून, छान पडवीत दारापाशी ठेवली की कोंबडी तिच्याकडे ढुंकून बघायची नाही. अंडं घालायची ती लाकडांच्या ढिगामागे, चुलीच्या पलीकडच्या अंधारात, आणि मग शोधत बसा. आजी मग तीच टोपली उचलून अंधारात ठेवायची, वर एक जुनं फडकं. आणि पोरांना ताकीद असायची. तिकडे फिरकायचं नाही. मामानं एकदा तासातासाला डोकावून बघितलं होतं, तर खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून उठून गेली ती परत बसलीच नाही. मामाला त्या दिवशी जेवण मिळालं नव्हतं म्हणे.

‘‘तू किती वेळा बघतोस?’’ आईनं विचारलं.

मी एक्सेल शीटबद्दल बोललो नाही.

‘‘अंधार कर आणि तिथून हल,’’ आई म्हणाली. ‘‘आणि जेवलास का?’’

त्या रात्री मी डब्याला चारही बाजूंनी काळी चिकटपट्टी गुंडाळली, भोक सोडून. पेटीच्या काचेवर चादर सोडली. पेटीत थर्मामीटरची वायर आधीपासून होती, तिचं टोक डब्यात सोडलं, म्हणजे बाहेरून आकडा दिसेल, उघडायला नको. २७. हॉलचा दिवा बंद. आणि शनिवारचा अख्खा दिवस मी घराबाहेर काढला. नदीकाठी चाललो, नको असलेले शर्ट घेतले, एका पबमध्ये तास दीड तास बसलो. तो देश त्या महिन्यात युरोपातून बाहेर पडायचं की आत राहायचं यावर हमरीतुमरीवर आला होता. शेजारच्या टेबलावर तीच वादावादी चालली होती, आणि मी विचार करत होतो की ती आत गेली असेल का.

रात्री अकराला घरी आलो. घासण्याचा आवाज नव्हता. चादरीला हात लावला नाही. खरं सांगतो, आयुष्यात एवढा संयम मी अप्रेझलच्या मीटिंगमध्येही ठेवलेला नाही.

रविवारी, २२ तारखेला, सकाळी सात वाजता चादर बाजूला केली. मकूबाई पेटीत कुठेच नव्हत्या. डबा ओलसर, काळा, गप्प. दहापर्यंत थांबलो. मग भोकातून केशरी डोकं बाहेर आलं, मागून बाकीचं अंग, सैल, खपाटीला गेलेलं, दोन्ही बाजूंनी सुरकुतलेलं, एखादी उशी रिकामी केल्यासारखं. त्या सरळ पाण्याच्या वाटीकडे गेल्या आणि बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

मी झाकण उघडलं. मॉसमध्ये पांढऱ्या, लांबुडक्या, एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांचा ढीग. सतरा. त्यातली दोन बारकी, पिवळट, टणक. ती फोल, त्यांतून काही होणार नव्हतं. पंधरा चांगली.

बाईंना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि मी करत होतो. अंडी उबवायची सोय त्यांनी निघण्याआधी रात्री जागून करून ठेवली होती, थर्माकोलच्या खोक्यात हीटर मॅट, थर्मोस्टॅटचा काटा २८वर, आत एका डब्यात ओलं केलेलं व्हर्मिक्युलाइट, ते खनिजाचे हलके दाणे असतात, कुंड्यांत घालतात ते. खोकं दहा दिवस रिकामंच चालू होतं, तापमान स्थिर राहावं म्हणून. मी हात धुतले, पेन्सिल घेतली. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला बारीक फुली. कारण ही अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नसतात. घातल्यावर दिवसाभरात आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटतो, मग अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. चिकटलेली अंडी ओढून सुटी करायची नाहीत, ढीग उचलायचा तसाच, आणि तसाच ठेवायचा.

माझे हात थरथरत होते. ‘‘श्वास घे,’’ बाई म्हणाल्या. पंधरावी फुली मारली, झाकण लावलं आणि सांगितलं, झालं. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं लाइन कट झाली. त्या रडत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘बाबांना सांगते. त्यांना आज सकाळी तिचं नाव आठवलं होतं. माझं अजून मागेपुढे होतंय.’’

मकूबाईंना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपला अजगर अंड्यांना वेटोळं घालून बसतो, नागराजाची मादी तर पाचोळ्याचं घरटं करून त्यावर पहारा देते. कॉर्न स्नेकचं तसं नाही. अंडी घातली, विषय संपला. मी पेटी स्वच्छ केली, भुसा बदलला, चार दिवसांनी एक छोटा उंदीर कोमट पाण्यात वितळवून चिमट्यानं समोर धरला. पहिल्याच झटक्यात घेतला. त्या रात्री मी मटार-भात केला.

आता एक सूचना, कारण मला माहितीये काही जण हे वाचून आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीचं माप घेत असतील. आपल्याकडचा साप घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नाग, धामण, दिवड, काहीही. आणि सोसायटीच्या आवारात, विटांच्या ढिगाखाली सापाची अंडी दिसली तर मी वर जे केलंय त्यातलं काही करू नका, फुल्या तर अजिबात मारू नका. सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा. धामण आणि नाग अंडी घालतात, घोणस आणि फुरसं थेट पिल्लं देतात, त्यामुळे अंडी दिसली नाहीत म्हणजे घरात पिल्लं नाहीत असंही समजू नका. एवढं बोलून मी मूळ विषयावर येतो.

बाई जूनमध्ये परतल्या, वडिलांना घेऊन. ते व्हीलचेअरवर, खोक्यासमोर बसून राहायचे. आठवड्यातून एकदा हवा बदलायला झाकण क्षणभर उघडायचं असतं, ते काम त्यांनी मागून घेतलं. २८ अंशांना साधारण दोन महिने लागतात. माझं डेप्युटेशन त्याआधीच संपलं. १६ जुलैला मी निघालो तेव्हा अंडी फुगून मोठी झाली होती आणि फुल्या पुसट. म्हातारबाबांनी मला नावानं हाक मारली, चुकीच्या, पण हाक मारली.

२२ जुलैच्या रात्री ठाण्यात जेवताना फोन वाजला. फोटो होता. एका अंड्याला ब्लेडनं मारल्यासारखी चीर, आणि चिरेतून बाहेर आलेलं केशरी नाक. पिल्लाला नाकाच्या टोकाशी तेवढ्यापुरता एक दात असतो, त्यानं कवच फाडायचं, मग लगेच बाहेर पडायचं नाही, डोकं बाहेर ठेवून दिवसभर नुसतं जगाकडे बघत बसायचं. खाली बाईंनी लिहिलं होतं: चौदा येतायत, एक नाही आला.

मी फोन आईपुढे धरला. नागपंचमी पंधरा दिवसांवर आली होती. तिनं आधी हात जोडले, मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि फोन नाकाजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.

‘‘नाक आईवर गेलंय,’’ ती म्हणाली आणि बाबांना दाखवायला फोन घेऊन आत गेली.